मूळपुरुष सापडला, पण तो आपलाच का?

प्रिय ‘बेंडिगोची सून’,

तुमचं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या सांगलीच्या, गेली नऊ वर्षं ऑस्ट्रेलियात बेंडिगोला सासरी आहात. सासूबाई ८३ वर्षांच्या. त्यांचे पणजोबा १८५० च्या दशकात सोन्यासाठी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीत आले, १८५९ साली बेंडिगोत त्यांचं लग्न झालं, १९०१ साली ते तिथेच वारले. घरात ठाऊक आहे ते एवढंच, बाकी ऐकीव गोष्टी. आता एका नातलगानं पैसे भरून एका संकेतस्थळावर वंशावळ बनवून घेतली. तिच्यात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या एका खेड्यात १८२९ साली बाप्तिस्मा झालेला त्याच नावाचा मुलगा निघाला. येत्या मे महिन्यात नातवाला घेऊन त्या खेड्यातल्या चर्चमध्ये जायचं, फुलं वाहायची, असं सासूबाईंनी मनावर घेतलंय. तिकिटांची बोलणी चाललीत. तेवढ्यात त्यांनी तुमच्या हाती बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला. त्यात खाणकामाचा परवाना होता, बायबल होतं, ‘उरगाम, म्हैसूर’ असा शिक्का असलेलं रिकामं पाकीट होतं, आणि फेब्रुवारी १८५७ चं एक आडवं-उभं लिहिलेलं पत्र. पत्राच्या शेवटी ‘तुझी बायको’ अशी सही. नाव मात्र पणजीचं नाही.

तुम्ही विचारता, खेडं बरोबर आहे का? नसेल तर खरं कसं शोधायचं? पत्राबद्दल सासूबाईंशी बोलायचं, की ते डब्यात परत ठेवायचं? आणि ‘मी बाहेरून आलेली, या घरातलं जुनं उकरायचा मला काय अधिकार?’

तिकिटं महिनाभर थांबवा. मे महिना अजून लांब आहे, आणि खेडं अजून ठरलेलं नाही.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं होत नाही, आणि कॉर्नवॉलमध्ये तर मुळीच नाही. रेडरुथ, कॅम्बोर्न, ग्वेनप हा सगळा तांब्या-कथलाच्या खाणींचा पट्टा. तिथे आडनावं मोजकी, आणि पहिली नावं त्याहून मोजकी. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे दोन-तीन चुलत भाऊ एकाच नावाचे, एकाच वयाचे, एकाच खाणीवर कामाला. कोकणात एकाच आडनावाच्या वाडीत तीन दत्ताराम असतात तसं. आपल्याकडे निदान मध्ये वडिलांचं नाव येऊन उलगडा होतो. तिथे तेही नाही.

मग करायचं काय? त्या १८२९ च्या मुलाचं पुढे काय झालं ते आधी बघायचं. तो लहानपणीच गेला का? त्या काळी पुष्कळ मुलं जायची, आणि पाठच्या भावाला तेच नाव दिलं जायचं. म्हणून त्याच चर्चच्या दफनाच्या नोंदी तपासा. मग इंग्लंडची जनगणना बघा. १८४१ पासून दर दहा वर्षांनी झालेल्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे. १८६१ च्या जनगणनेत तो मुलगा त्याच खेड्यात बायकोमुलांसह राहताना दिसला, तर विषय संपला. १८५९ साली बेंडिगोत लग्न केलेला माणूस १८६१ साली कॉर्नवॉलमध्ये चूल मांडून बसलेला असणार नाही. पण तो १८५१ ला दिसतो, १८६१ ला नाही आणि तिथल्या दफनाच्या नोंदींतही नाही, असं असेल तर मात्र आशा धरायला जागा आहे. सोन्यासाठी गेलेल्या माणसाचा इंग्लंडमधला पुरावा बहुतेक वेळा असाच असतो, तो तिथे नसण्याचा.

हे मी कळकळीनं सांगतेय त्याला कारण आहे. मेलबर्नच्या एका उपनगरात वाचनालयात काम करत असताना मी एका आजींना त्यांच्या पूर्वजांचं गाव शोधून दिलं होतं. नाव जुळलं, वय जुळलं, वडिलांचं नावही जुळलं. त्या जाऊन आल्या, तिथली मूठभर माती घेऊन आल्या. दोन वर्षांनी मला दिसलं की तो मुलगा चार वर्षांचा असताना वारला होता. दफनाच्या नोंदीचं पान मी बघितलंच नव्हतं. आजींना ते सांगायला गेले तो दिवस मी विसरलेले नाही. तुमच्या सासूबाईंच्या वाट्याला असं येऊ नये.

आता खरी वाट. सगळे जण इंग्लंडपासून सुरुवात करून पुढे येऊ बघतात. तुम्ही उलट, पणजोबांच्या मृत्यूपासून मागे चला. यात बेंडिगो मोठं नशीबवान. व्हिक्टोरियात जन्म, विवाह, मृत्यूंची सरकारी नोंदणी १ जुलै १८५३ ला सुरू झाली. इंग्लंडची त्याआधी सोळा वर्षं, १ जुलै १८३७ ला. पण इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या दाखल्यावर मोठ्या माणसाचं नाव, वय, धंदा, आजार आणि खबर देणारा एवढंच मिळतं. आईबापांची नावं नाहीत, जन्मगाव नाही. व्हिक्टोरियातली पद्धत बसवली विल्यम हेन्री आर्चर या इंग्लंडहून आलेल्या तरुण संख्याशास्त्रज्ञानं, आणि त्यानं रकाने वाढवले. मृत माणसाच्या वडिलांचं नाव आणि धंदा, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट, जन्म कुठे झाला, लग्न कुठे झालं, कितव्या वर्षी, कुणाशी, मुलं किती, त्यांची नावं आणि वयं. आणि माझा सगळ्यात आवडता रकाना म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कोणत्या वसाहतीत किती वर्षं काढली.

म्हणून १९०१ चा तो दाखला आजच मागवा. व्हिक्टोरियाच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाकडून जुन्या दाखल्याची प्रत ऑनलाइन पैसे भरून मिळते. आली की आधी खबर देणाऱ्याचा रकाना वाचा. मेलेला माणूस स्वतःची माहिती सांगत नाही. थोरल्या मुलानं सांगितली असेल तर वजन जास्त, अंत्यविधीवाल्यानं सांगितली असेल तर कमी. जन्मस्थळ म्हणून नुसतं ‘कॉर्नवॉल’ लिहिलेलं असलं तरी निराश होऊ नका. वडिलांचा धंदा बघा. इंग्लंडमध्ये १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील नमुन्यात होतात, आणि त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं. तुमच्या दाखल्यावर बाप ‘खाणकामगार’ आणि १८२९ च्या नोंदीत बाप ‘शिंपी’ असेल, तर मी लगेच सावध होईन.

एवढ्यावर थांबू नका. पणजोबांच्या सगळ्या मुलांचे जन्माचे दाखले मागवा, निदान पहिल्या तिघांचे. तिथल्या जन्मदाखल्यावर बापाचं वय आणि जन्मस्थळही असतं, आणि ते सांगायला बहुतेक वेळा आईबापांपैकीच कुणीतरी गेलेलं असतं. एका दाखल्यावर ‘कॉर्नवॉल’, दुसऱ्यावर ‘रेडरुथ’, तिसऱ्यावर भलत्याच पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाचं, नाव असं निघतं, आणि तिन्ही शेजारी ठेवले की गाव हळूहळू पुढे येतं.

आणि १८५९ चा लग्नाचा दाखला. तुमच्या हातातल्या पत्रासाठी याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. त्यावर नवरा अविवाहित की विधुर हे लिहावं लागे, आणि विधुर असेल तर पहिली बायको कधी वारली, पहिल्या लग्नाची मुलं हयात किती, गेलेली किती, हेही. त्याकडे मी पुन्हा येते.

गावाचं नाव शोधताना एक ध्यानात ठेवा. १८९१ पर्यंत तुमच्या बेंडिगोचं अधिकृत नाव सँडहर्स्ट होतं. ‘बेंडिगो’ टाकून काही मिळालं नाही तर ‘सँडहर्स्ट’ टाका, आणि ईगलहॉक, लाँग गली असे खाणींजवळचे भागही टाकून बघा.

जहाजाचं विचारलंत. पणजोबा प्लिमथहून निघाले असं घरात म्हणतात, म्हणून नातलगानं इंग्लंडच्या दप्तरात खूप शोधलं आणि काहीच मिळालं नाही. मिळणारच नव्हतं. ब्रिटनहून निघालेल्या प्रवाशांच्या याद्या तिथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात १८९० पासूनच्याच उरल्यात. शोधायचं ते पोचल्याच्या बाजूनं. पब्लिक रेकॉर्ड ऑफिस व्हिक्टोरिया या तिथल्या सरकारी दप्तरखान्यानं १८५२ पासून आलेल्या प्रवाशांची सूची फुकट उपलब्ध केलीय. सरकारी खर्चानं आलेल्यांची यादी वेगळी आहे आणि ती फार बोलकी. त्यात वय, कुठल्या परगण्याचा, धर्मपंथ, लिहिता-वाचता येतं का, कुणाकडे नोकरीला लागला, हेसुद्धा सापडतं. पदरचं तिकीट काढून आलेल्याच्या वाट्याला मात्र आडनाव, वय आणि ‘मजूर’ एवढंच. १८५१ साली व्हिक्टोरियात सुमारे ७७ हजार लोक होते आणि १८६१ साली ५ लाख ४० हजार. या लोंढ्यात बंदरावरच्या कारकुनानं प्रत्येकाचं गाव विचारून घेतलं नाही, त्याला दोष देता येत नाही.

शिवाय पणजोबा थेट मेलबर्नला उतरले हेच कशावरून? इथे तो वसाहतींचा रकाना उपयोगी पडतो. त्यात ‘दक्षिण ऑस्ट्रेलिया ४ वर्षं, व्हिक्टोरिया ४९ वर्षं’ असं काही निघालं तर सगळा शोधच बदलतो. दक्षिण ऑस्ट्रेलियात बुर्राला तांब्याची मोठी खाण होती आणि कॉर्नवॉलचे पुष्कळ खाणकामगार १८४० च्या दशकात तिथे आले होते. व्हिक्टोरियातल्या सोन्याची बातमी फुटली आणि बुर्राची खाण माणसांवाचून ओस पडली, सगळे पायी, बैलगाडीनं पूर्वेला निघाले. तसं असेल तर जहाज ॲडलेडच्या बंदरात सापडेल, आणि सोन्याच्या शोधाच्या आधीच्या सालात. काही जण खलाशी म्हणून आले आणि मेलबर्नच्या खाडीत जहाज सोडून पळाले. ते प्रवासी यादीत कुठून असणार? आणि मध्येच काही वर्षं माणूस गायब झाला तर न्यूझीलंडकडे बघा. १८६१ साली ओटागोत सोनं सापडलं तेव्हा व्हिक्टोरियातले हजारो खाणकामगार तिकडे गेले.

डब्यातला परवाना नीट जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आम्लविरहित कागदात ठेवा, आणि घडी पुन्हा पुन्हा उघडू नका, घडीवरच तो फाटतो. सुरुवातीला दर महिन्याला ३० शिलिंग भरून परवाना घ्यावा लागे, सोनं मिळो न मिळो. त्या जुलमातूनच ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटच्या सोन्याच्या खाणींवर खाणकामगारांच्या उठावात युरेकाचा रक्तपात झाला, आणि १८५५ पासून वर्षाला एक पौंडाचा नवा परवाना आला. तुमच्याकडचा हा नवा दिसतोय. त्यावरची तारीख म्हणजे ते आले ती तारीख नव्हे, हे घरच्यांना जरूर सांगा. परवान्यांची सगळी नोंदवही कुठे मिळेल असं तुम्ही विचारलंय. प्रत्येक खाणकामगाराचं नाव असलेली अशी एकच वही नाही. म्हणून तर घरात राहिलेला एकेक कागद इतका मोलाचा. त्याऐवजी बेंडिगोतच, वाचनालयाच्या इमारतीतल्या प्रादेशिक दप्तरखान्यात जा. तिथे नगरपालिकेच्या घरपट्टीच्या वह्या १८५० च्या दशकापासूनच्या आहेत. कुठल्या गल्लीत, कसलं घर, भाड्याचं की मालकीचं, हे वर्षानुवर्षं कळतं. कॅनव्हासच्या तंबूतून लाकडी खोलीत आणि मग विटांच्या घरात गेलेला माणूस तिथे डोळ्यांपुढे उभा राहतो.

बायबलच्या पहिल्या पानावर जन्ममृत्यू लिहिलेत म्हणता. आधी शीर्षकपानावरचं छपाईचं साल बघा. बायबल १८७० चं आणि नोंदी १८२९ पासूनच्या, सगळ्या एकाच शाईत आणि एकाच हातच्या, तर त्या आठवणीतून एका बैठकीत उतरवलेल्या आहेत. खोट्या नव्हेत, पण तपासूनच घ्यायच्या.

वर्तमानपत्रांवर मी तासन्‌तास बोलू शकते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ तुम्हाला माहीत असेल. ‘बेंडिगो ॲडव्हर्टायझर’चे जुने अंक तिथे फुकट वाचता येतात. यंत्रानं वाचलेली अक्षरं चुकतात, म्हणून आडनावाची चार-पाच रूपं करून शोधा, आणि नुसतं आडनाव नको, खाणीचं नाव, चॅपेलचं (छोट्या प्रार्थनाघराचं) नाव जोडून बघा. १९०१ ची मृत्यूची बातमी सापडली तर तिच्या शेवटी ‘कॉर्निश वृत्तपत्रांनी कृपया छापावे’ अशी ओळ आहे का ते पाहा. ती असायचीच असं नाही, पण असली तर तिकडे अजून कुणीतरी होतं, आणि इकडच्यांना ते माहीत होतं. त्यांचं मृत्युपत्र असेल तर तेही दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसेल. कुणाला काय ठेवलं यापेक्षा कुणाचं नाव घेतलं ते वाचा.

आता त्या पत्राकडे येते.

असं आडवं-उभं लिहिलेलं पत्र म्हणजे कागद आणि टपालखर्च वाचवायची त्या काळची रीत. पान भरलं की तेच पान फिरवून आधीच्या ओळींवर काटकोनात पुढचा मजकूर लिहायचा. तुम्ही समोरून वाचायला गेलात म्हणून जाळं दिसलं. कागद डोळ्यांच्या पातळीला, जवळजवळ आडवा धरा आणि ओळीच्या दिशेनं नजर टाका. त्या दिशेची अक्षरं उठून येतात आणि काटकोनातली मागे सरतात. किंवा मोबाइलवर फोटो काढा आणि तोच तिरका धरून बघा. एका दिशेच्या ओळी आधी संपवा, जसं दिसतं तसं, चुकांसकट उतरवा, मग दुसरी दिशा. अंदाज भरू नका, जागा मोकळी सोडा.

हे पत्र पणजोबांनाच लिहिलेलं आहे हे आधी ठरू द्या. वरचं संबोधन काय आहे? घडीच्या बाहेरच्या बाजूला पत्ता आहे का? खाणीवर एका तंबूत चार-पाच जण राहायचे. सोबतीच्या वस्तू, त्याची पत्रं, तो मेल्यावर दुसऱ्याकडे राहिली असं पुष्कळदा व्हायचं. ज्याला वाचता येत नव्हतं तो आपलं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. म्हणून एका पत्रावरून पणजोबांना दोन बायका होत्या असं घरात बोलू नका. अजून नाही.

मग १८५९ चा दाखला. तिथे ‘विधुर’ असेल आणि बायको वारल्याची तारीख फेब्रुवारी १८५७ नंतरची असेल, तर गोष्ट दुःखाची आहे, पण सरळ आहे. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाच्या, सूचीत तिच्या मृत्यूची नोंद शोधा. ‘अविवाहित’ लिहिलं असेल आणि पत्र त्यांचंच असेल, तर ती बाई तिकडे जिवंत असताना त्यांनी इथे दुसरं लग्न केलं असण्याची शक्यता खरी. सोन्याच्या मुलखात असं घडत होतं. मी पाहिलेल्या कागदांत अशी घरं आहेत. १८५८ पूर्वी इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. व्हिक्टोरियात घटस्फोटाचा कायदा आला १८६१ साली. खाणीतल्या माणसाला आणि त्याच्या बायकोला कायद्यानं वेगळं व्हायची वाटच नव्हती. हे मी त्यांची बाजू घ्यायला सांगत नाही. पत्र लिहिणाऱ्या बाईच्या बाजूनं पाहिलं तर माझ्या पोटात कालवतं. फेब्रुवारीत पत्र टाकायचं, ते अडीच-तीन महिन्यांनी पोचणार, उत्तर आलं तर तेवढ्याच महिन्यांनी. कॉर्नवॉलच्या खाणगावांत अशा बायका घरोघरी होत्या, नवरा जिवंत आहे पण नाही. पैसे आले तर चूल पेटायची, नाही आले तर खाणीच्या तोंडाशी खनिज फोडायला जायचं, नाहीतर गरीबखान्याचं दार.

तिलाही शोधा. पणजोबांपेक्षा ती लवकर सापडेल, कारण ती जागची हलली नसावी. १८५१ ची जनगणना ३० मार्चला झाली, ऑस्ट्रेलियातल्या सोन्याची बातमी इंग्लंडला पोचायच्या काही महिने आधी. तेव्हा अजून सगळे घरात होते. तिचं नाव पत्रात आहे, पणजोबांचं आडनाव तुम्हाला माहीत आहे. त्या आडनावाचा, त्या वयाचा खाणकामगार आणि त्या नावाची बायको एकाच छपराखाली सापडली, तर १८२९ च्या त्या बाप्तिस्म्यापेक्षा हा धागा शंभरपट पक्का. मग १८६१ च्या जनगणनेत तिच्याकडे बघा. कॉर्नवॉलच्या पानांवर काही ठिकाणी बायकांच्या नावापुढे ‘नवरा ऑस्ट्रेलियात’ असं लिहिलेलं सापडतं. कॉर्नवॉलच्या चर्चच्या पुष्कळ नोंदी तिथल्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्यात आणि त्यांची सूची फुकट शोधता येते. मूळ वह्या रेडरुथच्या ‘क्रेसेन केर्नो’ या दप्तरखान्यात आहेत. चर्चमध्ये लग्न सापडलं नाही तर मेथडिस्ट (चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळा झालेला पंथ) चॅपेलच्या आणि सरकारी नोंदी बघा, खाणवाले बहुतेक मेथडिस्ट.

व्हिक्टोरियाच्या सरकारी राजपत्रात त्या वर्षांत न नेलेल्या पत्रांच्या याद्या छापून यायच्या. टपालखान्यात पडून राहिलेल्या पत्रांवरची नावं, स्तंभच्या स्तंभ. जुनी राजपत्रं ऑनलाइन आहेत. वर्तमानपत्रांत हरवलेल्या नातलगांसाठी जाहिरातीही असत, अमक्या जहाजानं आला, शेवटचं पत्र तमक्या ठिकाणाहून आलं, कुणाला ठाऊक असल्यास कळवावं. १८५७ नंतरची चार-पाच वर्षं तिथे त्यांचं नाव शोधा. पण तुमच्याकडचं पत्र त्यांचंच असेल, तर ते त्यांनी टपालातून नेलं होतं. फेकलंही नव्हतं. कोणी तरी ते दीडशे वर्षांहून जास्त जपलंय.

म्हणून आता सासूबाईंबद्दल. तुम्हाला वाटतंय की हे त्यांना कळलं तर धक्का बसेल. मला शंका येते ती वेगळीच. डबा त्यांच्याकडे होता. त्यांनी तो मुलाला दिला नाही, वंशावळ करणाऱ्या नातलगालाही दिला नाही, तुम्हाला दिला. ८३ वर्षांच्या बाईनं त्या डब्यातलं पत्र कधी उलगडून पाहिलंच नसेल? त्यांना थोडंफार माहीत असावं, किंवा त्यांच्या आईकडून अर्धं काही कानावर आलं असावं, असं मला वाटतं. घरातली पोटातली गोष्ट आपल्याकडेही अशीच सुनेच्या ओटीत येते. तुम्ही अधिकाराचं विचारलंत, तो त्यांनी डब्यासकट तुम्हाला दिलाय.

दाखले येईपर्यंत तुम्ही काही सांगू नका, त्यांना विचारा. दुपारी निवांत चहा घेताना डबा समोर ठेवा आणि म्हणा, ‘हे पत्र तुम्ही कधी वाचलंत का?’ आणि मग गप्प बसा. त्या बोलल्या तर त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. जहाजाचं नाव, कुण्या काकानं केलेली कुजबुज, लहानपणी कोणतं नाव काढायला बंदी होती, हे कुठल्याही दप्तरखान्यात नाही, फक्त त्यांच्याजवळ आहे. हे या महिन्यातच करा, दाखले नंतरही मिळतील. दाखले आले आणि खरोखर दोन संसार निघाले तर त्यांना सगळं सांगा, कागद दाखवून, काही न झाकता. फुलं कुणासाठी न्यायची हे मग त्यांनाच ठरवू द्या. कदाचित त्या दुसऱ्याच थडग्यापाशी जातील.

डीएनए चाचणी करायची झाली तर सासूबाईंची करा, नवऱ्याची नको. पणजोबांचा अंश त्यांच्यात सरासरी आठवा, पुढच्या पिढीत सोळावा. पण चाचणीआधी त्यांना नीट समजावून सांगा की यातून जिवंत माणसं समोर येऊ शकतात, आणि त्या तिकडच्या लोकांनाही हे नवं असेल.

राहिलं ‘उरगाम, म्हैसूर’. हो, हे आपलंच म्हैसूर. उरगाम म्हणजे कोलारच्या सोन्याच्या खाणींपैकी एक, २००१ साली बंद पडलेल्या त्याच खाणी. लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या खाण कंपनीनं १८८० साली तिथला कारभार हाती घेतला आणि कॉर्नवॉलचे खाणकामगार तिथे आणले. म्हणजे हे पाकीट त्या सालानंतरचं असणार. तिकिटावरचा चेहरा आणि शिक्क्यावरचं साल भिंगातून बघा. तिथल्या इंग्रजांच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदी मद्रास इलाख्याच्या नोंदींबरोबर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि भारतातल्या ब्रिटिश कुटुंबांवर काम करणाऱ्या संस्थांच्या सूच्या ऑनलाइन शोधता येतात. पणजोबांना कोलारहून कोण लिहील? भाऊ असेल, पुतण्या असेल. १८५७ च्या त्या पत्रात मध्येच कुठेतरी ‘पोरगा’ एवढा शब्द लागतो असं तुम्ही लिहिलंय. १८५७ साली जो पोरगा होता तो १८८० साली निदान तेविशीचा, खाणीत उतरायच्या वयाचा. हा माझा निव्वळ तर्क आहे, घरात याला खरं म्हणून सांगू नका. पण पत्र पुन्हा वाचायला घ्याल तेव्हा बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्या शब्दाच्या पुढची ओळ लावा. तिच्यात नाव आहे का, ते मला कळवा.